मिठागरांच्या तळाशी असलेल्या शर्करेची दखल घ्यावी

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत सूक्ष्मजीवांच्या थरांत वाढणाऱ्या सायनोबॅक्टेरियांपासून मिळणाऱ्या नैसर्गिक शर्करा-बहुवारिकांवरील, म्हणजे शर्करेच्या लांब साखळ्यांवरील, लेख नुकताच वाचला. असा विषय मराठी वृत्तपत्रात सविस्तर यावा, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र लेखाचा सगळा भर या पदार्थांपासून उद्या कोणती मलमे, कोणती सौंदर्यप्रसाधने आणि कोणती औषधे बाजारात येतील यावरच राहिला. हे जीव हा पदार्थ मुळात कशासाठी तयार करतात, ज्या थरात तो तयार होतो तेथे त्याचे काम काय, आणि त्याच जातकुळीचे थर कोकणातील व गोव्यातील मिठागरांत धरत असताना आपण त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे प्रश्न त्यात आले नाहीत. वेंगुर्ले तालुक्यात, शिरोड्याच्या मिठागरांपासून फार दूर नसलेल्या गावात राहणारा एक निवृत्त विज्ञानशिक्षक या नात्याने या राहिलेल्या बाजूविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे. थर जागेवर जिवंत राहिला तरच त्यातील शर्करेविषयी बोलण्यात अर्थ आहे, आणि आपल्याकडे हे बोलणे सुरू होण्याआधीच थरांखालची जमीन हातची जाऊ लागली आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रथम त्या पदार्थाविषयी. सायनोबॅक्टेरिया, म्हणजे आमच्या पिढीच्या पाठ्यपुस्तकांतील नील-हरित शैवाल, हे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून प्राणवायू बाहेर टाकणारे जीवाणू होत. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या वातावरणात प्राणवायू साठू लागला तो यांच्याच पूर्वजांमुळे. दिवसा तयार केलेल्या शर्करेचा काही भाग हे जीव लांबच लांब साखळ्यांच्या रूपात पेशीबाहेर सोडतात. काही जातींत या साखळ्यांचे तंतूभोवती घट्ट वेष्टन बनते, काहींत पेशीला चिकटलेली मऊ गादी बनते, तर काहींत त्या पाण्यात मिसळून पाणीच चिकट करतात. पाण्यात टाकलेल्या सब्जाच्या बीभोवती जो पारदर्शक, बुळबुळीत थर फुगतो, तोही बहुशर्करेचाच, म्हणजे शर्करेच्या अशाच लांब साखळ्यांचा, असतो, त्यावरून या पदार्थाच्या स्पर्शाची कल्पना यावी. मात्र सायनोबॅक्टेरियांच्या साखळ्या रासायनिक दृष्ट्या बऱ्याच गुंतागुंतीच्या असतात. इतर जीवाणूंच्या बहुशर्करा बहुधा चार किंवा त्याहून कमी प्रकारच्या साध्या शर्करांनी बनलेल्या असतात, तर सायनोबॅक्टेरियांच्या ज्या बहुशर्करा आजवर तपासल्या गेल्या त्यांतील बहुसंख्यांत सहा किंवा अधिक प्रकार आढळले आहेत. ग्लुकोज, गॅलॅक्टोज आणि मॅनोज यांच्या जोडीला झायलोजसारख्या पाच कार्बन अणूंच्या शर्करा, ऱ्हॅम्नोज व फ्यूकोज, शिवाय युरॉनिक आम्ले आणि पुष्कळदा सल्फेटचे गट. शेवटच्या दोहोंमुळे साखळीवर ऋण विद्युतभार येतो आणि ती कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, तांबे, शिसे असे धातूंचे आयन धरून ठेवते. ऱ्हॅम्नोज आणि फ्यूकोज यांच्यामुळे त्याच साखळीचे काही भाग पाण्यापासून दूर राहू पाहतात, म्हणून तिला तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवण्याचाही गुण येतो. प्रसाधनांच्या उद्योगाला तिच्याविषयी आकर्षण वाटते ते मुख्यतः याच दोन गुणांमुळे.

एवढी शर्करा बाहेर टाकणे एखाद्या सूक्ष्म जीवाला परवडते कसे, हा प्रश्न वर्गातील चाणाक्ष मुले हटकून विचारत. याचे एक उत्तर असे की उथळ खाऱ्या पाण्यात प्रकाश मुबलक असतो, परंतु नत्र आणि फॉस्फरस अपुरे असतात. कार्बन मिळत राहतो आणि त्यापासून प्रथिने बांधायला लागणारे बाकीचे साहित्य मिळत नाही, तेव्हा उरलेला कार्बन शर्करेच्या रूपात बाहेर जातो. परंतु हा काही केवळ टाकाऊ माल नव्हे. ओहोटीच्या वेळी किंवा पाणी आटल्यावर थर उघडा पडतो तेव्हा हीच साखळी पाणी धरून ठेवते आणि पेशी एकदम सुकत नाहीत. बऱ्याच जातींच्या वेष्टनात सायटोनेमिन नावाचे तपकिरी रंगद्रव्य असते, ते अतिनील किरण शोषून घेते. भरतीच्या पाण्याने वाहून जाऊ नये म्हणून वाळूच्या कणांना धरून राहायला हाच डिंक उपयोगी पडतो, आणि तंतूंना वर-खाली सरकायलाही तोच लागतो. शेवटी, थरातील जे जीवाणू स्वतः अन्न तयार करीत नाहीत त्यांचा शिधा हाच असतो. म्हणून या बहुवारिकाला कोणत्याही एका जीवाचे उत्पादन न मानता संपूर्ण वस्तीची सामायिक मालमत्ता मानणे मला अधिक योग्य वाटते.

या वस्तीची रचना किती दाट असते याचा उत्तम नमुना मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पावरील गेरेरो नेग्रो येथे आहे. तेथे सूर्याच्या उष्णतेवर मीठ पिकवणारे जगातील सर्वांत मोठ्या मिठागरांपैकी एक आहे, आणि त्याच्या पाणी तापवण्याच्या विस्तीर्ण तळ्यांच्या तळाशी काही सेंटीमीटर जाडीचे थर वर्षानुवर्षे शाबूत आहेत. अमेरिकेची अंतराळसंस्था नासा या थरांचा दीर्घकाळ अभ्यास करीत आली आहे, कारण आदिम पृथ्वीवरील जीवसृष्टी कशी असेल हे पाहण्याची ती एक खिडकी आहे. प्राणवायू देणारे प्रकाशसंश्लेषण चालते ते वरच्या दोनेक मिलिमीटरांतच. त्याखाली जांभळे गंधक-जीवाणू आणि त्याखाली प्राणवायूवाचून जगणाऱ्यांचा काळा पट्टा. रात्र झाली की वरच्या पट्ट्यातील प्राणवायूही संपतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय पाहणीत या एका थरात जीवाणूंचे चाळीसहून अधिक संघ (वर्गीकरणातील मोठे गट) सापडले आणि त्यांतील कित्येक विज्ञानाला तोवर ठाऊकच नव्हते. हे सगळे सापडले ते मीठ पिकवणाऱ्या, चालू असलेल्या व्यावसायिक मिठागरात, कोणत्याही राखीव अभयारण्यात नव्हे, ही गोष्ट आपण कोकणवासीयांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

आपल्या लेखात ज्यांचा उल्लेख होता ते पॉलिनेशियातील थर, तेथील भाषेत ‘कोपारा’, प्रवाळद्वीपांच्या कडेच्या उथळ डबक्यांत साचतात आणि काही ठिकाणी वीतभर जाडीचे होतात. भूशास्त्रज्ञांनी १९९४ मध्येच त्यांचे वर्णन चुनखडीच्या स्ट्रोमॅटोलाइटची प्रारंभिक अवस्था असे केले होते. फ्रान्सच्या इफ्रेमेर या सागरसंशोधन संस्थेने त्यांतून सायनोबॅक्टेरिया वेगळे करून त्यांच्या बहुशर्करांचे पृथक्करण केले, ते त्यानंतर. स्ट्रोमॅटोलाइट म्हणजे थरावर थर चढत जाऊन दगड झालेली ही वस्ती. पश्चिम ऑस्ट्रेलियात शार्क उपसागराच्या हॅमेलिन पूल येथे असे दगड आजही वाढत आहेत, आणि समुद्राच्या जवळजवळ दुप्पट खारे पाणी असल्यामुळे शेवाळ खरवडून खाणाऱ्या गोगलगायी तेथे फारशा टिकत नाहीत. दगड होण्याच्या या क्रियेतही शर्करेचा हात असतो. ताजी साखळी कॅल्शियम धरून ठेवते आणि चुना बनू देत नाही. थरातील इतर जीवाणूंनी ती खाऊन तोडली की कॅल्शियम मोकळा होतो आणि त्याच जागी चुन्याचा कण बसतो. एकच पदार्थ आधी अडवतो आणि मोडल्यावर घडवतो. बरणीत बंद केलेल्या शुद्ध भुकटीत हा दुसरा गुण दिसणे शक्य नाही, कारण तेथे तिला खाणारा कोणी नसतो.

आता मिठागरांकडे वळतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. भरतीचे पाणी बांधाच्या आत घेऊन एका तळ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवले जाते. ते चौपटीच्या आसपास दाट झाले की जिप्सम (कॅल्शियम सल्फेटचा क्षार) खाली बसू लागते आणि सुमारे दहापट दाट झाले की मीठ धरते. पहिल्या, कमी खाऱ्या तळ्यांच्या तळाशी तंतुमय सायनोबॅक्टेरिया वाढतात, ज्यांत पूर्वी मायक्रोकोलियस आणि आता कोलिओफॅसिक्युलस म्हणून ओळखली जाणारी जात जगभर आढळते. तिचे तंतू दोरीच्या पेडांसारखे एकत्र येतात आणि त्यांच्या डिंकात चिखलाचे कण अडकून तळावर एक सलग आवरण तयार होते. जगातील मोठ्या मिठागरांचे व्यवस्थापक या आवरणाला अत्यंत मोलाचे मानतात. त्याच्यामुळे दाट केलेले पाणी जमिनीत झिरपून वाया जात नाही. ते पाण्यातील नत्र-फॉस्फरस शोषून घेते, त्यामुळे पुढच्या तळ्यांत जाणारे पाणी स्वच्छ राहते. आणि गडद रंगामुळे ऊन शोषले जाऊन बाष्पीभवनाला मदत होते. आपल्याकडे मातीचा तळ हंगामाच्या आधी तुडवून आणि चोपून घट्ट केला जातो, कारण झिरपणे थांबवणे ही मिठागरवाल्याची जुनी चिंता आहे. त्या चोपण्याने जे काम होते त्याला हा थर हातभार लावतो.

पण हीच शर्करा मिठाचा घातही करू शकते, आणि ही बाजू लेखात अजिबात नव्हती. अधिक खाऱ्या तळ्यांत एकपेशीय सायनोबॅक्टेरिया असतात. त्यांचे शास्त्रीय नाव ॲफॅनोथीसी हॅलोफिटिका असे रूढ आहे, अलीकडे त्यांना हॅलोथीसी म्हणतात. जिप्समच्या कवचात ते नारिंगी-तपकिरी पट्टा धरून राहतात तोवर ठीक. परंतु पाण्यात पोषकद्रव्ये बेसुमार वाढली, किंवा खारेपणात अचानक चढउतार झाला, की ते प्रचंड प्रमाणात डिंक सोडतात. पाणी घट्ट आणि तेलकट होते, बाष्पीभवन मंदावते, जिप्समचे बारीक कण खाली बसण्याऐवजी तरंगत राहतात, आणि शेवटी वाफ्यात जे मीठ पडते ते बारीक, ठिसूळ व मळकट असते. कोकणातील मिठागरवाले ‘यंदा पाणी धरत नाही’ किंवा ‘मीठ चांगले पडले नाही’ असे म्हणतात तेव्हा त्यामागे प्रत्येक वेळी हेच कारण असेल असे नाही. पण खाडीकाठच्या गावांचे आणि शहरांचे सांडपाणी खाडीत सोडले जाते, आणि अवकाळी पावसाची सर ऐन हंगामात दाट पाण्यावर पडते, या दोन्ही गोष्टी सर्वांच्या परिचयाच्या आहेत. आणि शास्त्रीय साहित्यात डिंक सुटण्याची जी कारणे दिलेली आहेत ती नेमकी हीच दोन आहेत. मिठाचा दर्जा घसरला की मजुरांच्या हाताला दोष दिला जातो. खाडीच्या पाण्यातील नत्र मोजून पाहावे असे कोणाच्या मनात येत नाही.

मेक्सिकोतील थर आणि आपले थर यांत एक मोठा फरकही आहे. गेरेरो नेग्रो कोरड्या प्रदेशात असल्यामुळे तेथील थर वर्षानुवर्षे तसाच राहतो. कोकणात आणि गोव्यात जूनमध्ये पाऊस लागला की मिठागर गोड्या पाण्याखाली जाते, त्यात मासे येतात, आणि बांध दुरुस्त करून खारे पाणी पुन्हा आत घेतले की थराला नव्याने सुरुवात करावी लागते. जे सायनोबॅक्टेरिया दरवर्षी गोड्या पाण्यातून दहापट खारेपणापर्यंतचा हा प्रवास सोसतात, त्यांच्या भोवतीची शर्कराही या सोसण्यात भागीदार असणार, आणि ती रचनेने कदाचित मेक्सिको किंवा पॉलिनेशियातील शर्करेपेक्षा वेगळी निघेल, असे माझे अनुमान आहे. ते चुकीचे ठरले तरी तपासून चुकीचे ठरावे. गोव्यात रायबंदरच्या मिठागरांतील क्षारप्रिय सूक्ष्मजीवांवर तेथील संशोधकांनी काम केलेले आहे, तेव्हा या कामाला लागणारी माणसे आणि अनुभव आपल्या किनाऱ्यावर नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही.

उपयोग म्हटला की बाटलीत भरलेले काहीतरी डोळ्यांसमोर येते. वास्तविक या शर्करेचे सर्वांत भरवशाचे उपयोग तिला जिवंत जीवापासून वेगळे न करता झालेले आहेत. भातखाचरांची सुपीकता टिकण्यामागे नील-हरित शैवालांनी हवेतून धरलेला नत्र असतो, हे पी. के. डे यांनी १९३९ मध्येच दाखवले होते. बनारसचे आर. एन. सिंग यांनी १९५० मध्ये उत्तर प्रदेशातील ‘ऊसर’, म्हणजे क्षारांनी नापीक झालेल्या, जमिनी याच जीवांच्या साहाय्याने पावसाळ्यात पाणी अडवून सुधारता येतात, असा प्रबंध प्रसिद्ध केला. मातीचे कण एकत्र बांधणारा आणि ओल टिकवणारा त्यांचा डिंक हा त्या सुधारणेचा मोठा भाग होता. चीनमध्ये अंतर्गत मंगोलियातील वाळवंटात मायक्रोकोलियस आणि सायटोनेमा या सायनोबॅक्टेरियांचे विरजण वाळूवर पसरून हलती वाळू बांधण्याचे प्रयोग याच तत्त्वावर झाले. उलट त्याच देशात ‘फात्साई’ नावाने खाल्ले जाणारे केसांसारखे नॉस्टॉक (हाही एक सायनोबॅक्टेरियाच) गोळा करण्यासाठी लोकांनी गवताळ जमिनी दाताळ्यांनी इतक्या ओरबाडल्या की धूप आवरेनाशी झाली आणि २००० मध्ये सरकारला त्याच्या संकलनावर व विक्रीवर बंदी घालावी लागली. निसर्गातून खरवडून आणलेल्या मालावर उद्योग उभारला की काय होते याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

बाजाराविषयी थोडक्यात. जीवाणूंपासून मिळणाऱ्या बहुशर्करांत सर्वांत यशस्वी ठरलेली झँथन ही कोबीवर रोग पाडणाऱ्या जीवाणूपासून अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत ॲलीन जीन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळवली. १९६९ मध्ये तिला तेथे अन्नात वापरण्याची परवानगी मिळाली आणि आज सॉसपासून टूथपेस्टपर्यंत ती सर्वत्र आहे. बंद टाकीत, साखर पुरवून, थोड्या दिवसांत ती भरपूर मिळते आणि दर खेपेला सारखी मिळते. सायनोबॅक्टेरियांना प्रकाश लागतो, ते सावकाश वाढतात, लिटरमागे मिळणारा पदार्थ थोडा असतो, आणि तापमान किंवा पोषण बदलले की त्याचे गुणधर्मही बदलू शकतात. म्हणून जपानमधील ‘सुइझेंजी-नोरी’ या खाद्य सायनोबॅक्टेरियापासून मिळणारे साक्रान, जे स्वतःच्या वजनाच्या सुमारे ६,००० पट शुद्ध पाणी धरू शकते, अशी मोजकीच नावे प्रयोगशाळेतून बाहेर आली आहेत. स्पिरुलिना या सायनोबॅक्टेरियापासून मिळणारी कॅल्शियम स्पिरुलान ही सल्फेटयुक्त बहुशर्करा १९९६ मध्ये काही विषाणूंना पेशीत शिरण्यापासून अडवते असे दिसले, ते काचपात्रातील पेशींवर. काचपात्रातून औषधाच्या दुकानापर्यंतचे अंतर किती असते हे आपल्या वाचकांना करोनाच्या काळात पुरेसे कळले आहे. ‘चमत्कारी’ हे विशेषण लेखाच्या मथळ्यात नसते तर बरे झाले असते. एक सावधगिरीही सांगितली पाहिजे: सायनोबॅक्टेरियांच्या काही जाती यकृताला आणि मज्जासंस्थेला घातक विषे तयार करतात, तेव्हा डबक्यातील हिरवा बुळबुळीत थर नैसर्गिक आहे म्हणून कोणी तो चेहऱ्याला लावू नये किंवा पोटात घेऊ नये.

तरीही या थरांतून उद्या काही मोलाचे निघाले तर त्यावर हक्क कोणाचा, हा विचार आजच करणे शहाणपणाचे. यलोस्टोन उद्यानातील उष्ण झऱ्याच्या थरांतून १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक आणि त्यांच्या विद्यार्थ्याने वेगळ्या केलेल्या जीवाणूपासून टॅक पॉलिमरेज हे विकर मिळाले, त्याच्याच बळावर डीएनएच्या असंख्य प्रती काढणारे पीसीआर तंत्र जगभर पसरले, त्या तंत्रासाठी कॅरी मुलिस यांना १९९३ चे नोबेल मिळाले, आणि अब्जावधी डॉलरच्या त्या उलाढालीतून उद्यानाला मात्र काहीही मिळाले नाही. फ्रेंच पॉलिनेशियाने २०१२ मध्ये आपल्या जैविक साधनांच्या वापरासाठी स्वतःचा कायदा केला. आपला जैविक विविधता कायदा त्याच्या दहा वर्षे आधीचा, २००२ चा आहे. त्यात सूक्ष्मजीवांचा स्पष्ट उल्लेख आहे, परदेशी संस्थेला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय नमुने नेता येत नाहीत, आणि भारतातील जैविक साधनांवर आधारित एकस्वासाठीही (पेटंटसाठीही) प्राधिकरणाकडे जावे लागते. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी, हेही त्यात आणि त्याखालील नियमांत आहे. मी पाहिलेल्या नोंदवह्यांत झाडे असतात, पक्षी असतात, औषधी वनस्पती असतात, माशांच्या जातीही असतात. सूक्ष्मजीवांच्या वस्तीसाठी एक ओळही नसते. ज्याची नोंद नाही त्यावर गावाने हक्क सांगायचा तरी कोणत्या आधारावर?

मिठागरांच्या बाबतीत अडचण आणखी खोल आहे. आंतरराष्ट्रीय रामसर करार मिठागरांना मानवनिर्मित पाणथळ जागांत मोजतो. आपल्या २०१७ च्या पाणथळ जागा नियमांनी मात्र मीठ पिकवण्यासाठी बांधलेल्या जागा पाणथळ जागेच्या व्याख्येतूनच वगळल्या. लोणारचे खारे सरोवर २०२० मध्ये रामसर यादीत गेले, त्याच वर्षी ते गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागील क्षारप्रिय सूक्ष्मजीव शोधून काढले, आणि राज्यभर कौतुकाने चर्चा झाली. हे सर्व योग्यच झाले. पण तशाच खाऱ्या पाण्यात, तशाच जीवांनी भरलेल्या मिठागरांच्या वाट्याला सरकारी कागदांत ‘मोकळी जमीन’ एवढीच ओळख येते. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतील कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागर जमीन धारावी पुनर्विकासातील घरांसाठी घेण्यास मंजुरी दिली. गरिबांना घरे मिळू नयेत असे कोणी म्हणणार नाही, आणि या निर्णयावरील पूर, पक्षी व तिवरे यांच्या अंगाने होणारी चर्चाही आवश्यक आहे. माझा आक्षेप इतकाच की त्या जमिनीच्या तळाशी काय जगते हा प्रश्न चर्चेच्या कोणत्याही बाजूने विचारला गेला नाही. शिरोड्याची मिठागरे १९३० च्या सत्याग्रहामुळे इतिहासात गेली, म्हणून त्यांच्याविषयी निदान हळहळ तरी व्यक्त होते. पेण-उरणच्या किंवा पालघरच्या मिठागरांना तेवढाही आधार नाही.

यावर फार खर्चाचा उपाय सुचवायचा नाही. पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे, त्याच्या संग्रहाला २०११ पासून एकस्वासाठी सूक्ष्मजीव ठेवण्याच्या आंतरराष्ट्रीय ठेव केंद्राचा दर्जा आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही औद्योगिक सूक्ष्मजीवांचा जुना संग्रह आहे. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाने किनारी जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र विभागांना हाताशी धरून, चालू असलेल्या प्रत्येक मिठागरातील प्रत्येक टप्प्याच्या तळ्यातून थराचा नमुना घ्यावा, पाण्याचा खारेपणा आणि त्यातील नत्र-फॉस्फरस मोजावेत, वाढवता येतील तेवढे सायनोबॅक्टेरिया पुण्यात ठेवावेत, आणि मूळ गावाच्या नोंदवहीत त्या ठेवीचा क्रमांक लिहावा. बंद पडून नुकत्याच बुजवल्या जाणाऱ्या मिठागरांना यात पहिला क्रम द्यावा. पाहणीत मिठागरवाल्यांना केवळ वाटाड्या म्हणून घेऊ नये, कारण कोणत्या तळ्यात थर धरतो, कोणत्या वर्षी तो फुगून वर तरंगला आणि त्या वर्षी मीठ कसे पडले याची माहिती त्यांच्याजवळ आहे व ती कोठेही लिहिलेली नाही. पाण्याच्या मोजणीचे आकडे त्यांनाही मिळावेत; खाडीत सांडपाणी सोडणाऱ्यांशी भांडताना ते त्यांच्या उपयोगी पडतील.

हे काम मार्च ते मे याच काळात करता येईल. थर तेव्हाच भरात असतो, तळ्यांतील खारेपणाच्या पायऱ्या तेव्हाच स्पष्ट मोजता येतात, आणि पावसाचे पाणी एकदा बांधाच्या आत चढले की त्या वर्षीचा नमुना मिळत नाही. शासकीय मंजुऱ्यांना लागणारा वेळ लक्षात घेता पुढच्या हंगामासाठीचा प्रस्ताव गणपतीपूर्वी तयार असावा लागेल, आणि त्यासाठी आपल्या दैनिकाने या विषयाचा पाठपुरावा करावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, निवृत्त विज्ञानशिक्षक,
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग